फायब्रोमायल्जिया आणि पारंपरिक-पूरक उपचार: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मला स्वतःला फायब्रो आहे, बरीच वर्षं झाली, आणि त्या वर्षांत तेल, सुया, काढे, चुंबकं, पावडरी असं बरंच काही अंगावरून आणि पोटातून गेलंय. त्यामुळे नव्याने निदान झालेले लोक तेच तेच विचारतात आणि मी तेच तेच टाइप करत बसते. म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवू.

फायब्रोमायल्जिया म्हणजे नक्की काय हो?

अंगभर दुखणं, कमीत कमी तीन महिने, सोबत झोपून उठलं तरी न गेलेला थकवा, कच्ची झोप, आणि डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं, म्हणजे बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही वगैरे. अंदाजे शंभरात दोन ते चार जणांना असतो, बायकांमध्ये जास्त सापडतो, पण पुरुषांनाही होतो आणि त्यांचं निदान उशिरा होतं कारण कोणी तसा विचारच करत नाही. १९९० च्या निकषांत अंगावरचे १८ ठरावीक बिंदू दाबून बघायचे आणि ११ दुखले की फायब्रो, असा हिशोब होता. २०१० पासून तो मागे पडला, आता किती भागांत दुखतं आणि बाकीची लक्षणं किती तीव्र आहेत यावर गुण देतात. अजूनही कोणी फक्त बिंदू दाबून ‘नाही, तुम्हाला नाहीये’ म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, मग दुखतं कशाने?

स्नायूत किंवा सांध्यात काही फाटलेलं, सुजलेलं नसतं, दुखण्याचा निरोप वाहून नेणारी आणि तो वाचणारी जी यंत्रणा आहे, म्हणजे नसा, मज्जारज्जू, मेंदू, तिचा आवाजच वाढवून ठेवलेला असतो. म्हणून साधा स्पर्श, थंडी, मोठा आवाजसुद्धा लागतो. २०१७ मध्ये वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा दुखण्याला ‘नोसिप्लास्टिक’ असं वेगळं नावच दिलं. हे लक्षात ठेवा कारण पुढे कुठला उपचार का चालतो आणि कुठला का नाही हे बरंचसं इथून कळतं. सूज नसेल तर ‘सूज उतरवणारं’ औषध, मग ते केमिस्टकडचं असो की झाडपाल्याचं, फारसं कामाचं नाही.

पारंपरिक, पूरक, पर्यायी, हे सगळं एकच ना?

नाही. आयुर्वेद, युनानी, चिनी वैद्यक हे पारंपरिक. चालू उपचारांच्या जोडीला केलं तर पूरक. चालू उपचार सोडून त्यांच्या जागी केलं तर पर्यायी. तीच सुई, तोच योग, पण जोडीला की जागी यावर धोका बदलतो. माझं मत विचाराल तर ‘जोडीला’ याच शब्दावर अडून बसा.

फायब्रोवाले सगळेच असे उपचार करतात म्हणे?

जवळपास. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये २८९ फायब्रो पेशंटना विचारलं होतं (निकाल २००५ मध्ये आला), तर ९८ टक्क्यांनी मागच्या सहा महिन्यांत काहीतरी पूरक केलेलं होतं. आता गंमत अशी की त्या ‘काहीतरी’मध्ये व्यायाम, प्रार्थना आणि व्हिटॅमिनच्या गोळ्याही मोजल्या होत्या, त्यामुळे ९८ हा आकडा बघून ‘बघा, सगळे ॲलोपॅथीला कंटाळलेत’ असं कोणी सांगायला लागलं तर लगेच मान डोलावू नका. पण कंटाळलेले असतात हेही खरंच आहे. निदान व्हायलाच वर्षं जातात, त्यात ‘टेन्शन घेऊ नका’ हे ऐकून ऐकून कान किटतात, आणि मग कोणीतरी समोर बसून तासभर शांतपणे ऐकून घेतं, नाडी बघतं, झोप कशी लागते विचारतं. माणूस तिकडे वळणारच की. मीही वळले.

आधी सांगा, नेहमीच्या डॉक्टरांकडे काय आहे? तिथे जायचंच नसेल तर?

जायचं नसेल तरी काय आहे ते माहीत असू द्या. अमेरिकेत फायब्रोसाठी प्रीगॅबालिनला २००७ मध्ये, ड्युलोक्सेटीनला २००८ मध्ये आणि मिल्नासिप्रानला २००९ मध्ये मंजुरी मिळाली, युरोपच्या औषध संस्थेने मात्र फायब्रोसाठी ती दिली नाही, कारण फायदा फार मोठा दिसला नाही. त्याशिवाय रात्री अगदी कमी डोसमध्ये अमिट्रिप्टिलीन देतात. काहींना छान उपयोग होतो, बऱ्याच जणांना थोडा होतो, काहींना नुसती गुंगी आणि वजन. आणि युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने, यूलारने, २०१६ मध्ये सगळा पुरावा परत तपासला तेव्हा ‘जोरदार शिफारस’ फक्त एकाच गोष्टीला मिळाली, ती म्हणजे व्यायाम. एकाही गोळीला नाही. हे वाचून मला आधी राग आला होता, कारण जिना चढताना रडू येणाऱ्या माणसाला व्यायाम कर म्हणणं म्हणजे थट्टाच वाटते. तरी पुढचं वाचा.

मग पूरक उपचारांपैकी खरंच काय चालतं?

त्याच यूलारच्या यादीत ‘सौम्य शिफारस’ मिळालेल्या पूरक गोष्टी आहेत: ताई ची, योग, छीगाँग असे सावकाश हालचालीचे प्रकार, ॲक्युपंक्चर, गरम पाण्यातले उपचार, आणि माइंडफुलनेस (म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचं ध्यान). नीट बघितलं तर यात गिळायचं काहीच नाहीये. जे हळूहळू, लक्ष देऊन, शरीराने करायचंय तेच टिकलंय. माझा स्वतःचा अनुभवही तोच. पुड्या आणि डबे फेकले गेले, सकाळचा सावकाश योग तेवढा राहिला.

ताई ची? ते चिनी आजीआजोबा बागेत करतात ते?

हो तेच, आणि हसू नका, फायब्रोवर यापेक्षा बरा तपासलेला पूरक प्रकार शोधून सापडणं कठीण आहे. बॉस्टनमध्ये ६६ जणांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, अर्ध्यांना १२ आठवडे ताई ची आणि अर्ध्यांना आरोग्याची माहिती अधिक स्ट्रेचिंग. ताई चीवाल्यांचं दुखणं, झोप, मूड सगळंच जास्त सुधारलं आणि क्लास संपल्यावर पुढचे १२ आठवडेही ते टिकलं. लोक म्हणाले ६६ म्हणजे फारच कमी, तर त्याच गटाने २२६ जणांवर मोठा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये आला, यावेळी समोर चक्क एरोबिक व्यायाम ठेवला. ताई ची त्याच्या तोडीस तोड किंवा थोडं सरस निघालं, आणि ज्यांनी २४ आठवडे केलं त्यांना १२ आठवडेवाल्यांपेक्षा जास्त फायदा. म्हणजे महिन्याभरात ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नका.

आणि योग?

योगाचे अभ्यास छोटे आहेत. ओरेगनमध्ये ५३ बायकांवर आठ आठवड्यांचा एक झाला होता (२०१०), त्यात आसनं, ध्यान, श्वास आणि गटात बोलणं असं एकत्र होतं आणि दुखणं, थकवा, मूड सुधारला. पण तुलना ‘नंबर लागायची वाट बघणाऱ्यां’शी होती, त्यामुळे त्यात योगाचा वाटा किती आणि आठवड्यातून एकदा आपल्यासारख्या माणसांना भेटण्याचा किती हे सांगता येत नाही. मला विचाराल तर दोन्ही असेल आणि मला दोन्ही चालेल.

मी योगाच्या क्लासला गेले आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात होते. आता काय?

हे इतकं होतं, इतकं होतं की जरा सविस्तर लिहिते. फायब्रोमध्ये एकदम जास्त केलं की फ्लेअर येतो, म्हणजे सगळी लक्षणं एकदम उसळतात, तोही लगेच नाही तर दुसऱ्या दिवशी, म्हणून क्लासमध्ये असताना ‘जमतंय की’ वाटतं आणि माणूस बाकीच्यांच्या बरोबरीने रेटतो. माझ्या पहिल्या क्लासच्या सरांनी तर पाठीवर हात ठेवून अजून खाली दाबलं होतं, सूज असेल तर जाईल म्हणे. तसं कोणी करत असेल तर उठून या, सरळ. सुरुवात पाच मिनिटांनी करा, पाच म्हणजे खरोखर पाच, आणि चांगल्या दिवशीही पाचच, ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे कारण चांगल्या दिवशी मागचं सगळं उरकून टाकावंसं वाटतं. आठवडाभर काही बिघडलं नाही तर सात करा. उभं राहून जमत नसेल तर खुर्चीत बसून. ताणताना ‘ओढ लागतेय’ इथे थांबायचं, ‘दुखतंय’पर्यंत जायचंच नाही. शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की मला फायब्रो आहे, हात लावू नका. आणि वाईट दिवशी पूर्ण बंद न करता नुसतं झोपून श्वास आणि घोटे फिरवणं एवढं तरी करायचं, नाहीतर सुटलेली सवय परत लावायला महिना जातो, अनुभव आहे.

ॲक्युपंक्चरने फरक पडतो का? सुयांची भीती वाटते.

पडतो, पण उत्तर जरा विचित्र आहे. २०१३ मध्ये कॉक्रेनने (वेगवेगळे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) नऊ अभ्यास, ३९५ जण एकत्र करून बघितले. काहीच न करण्यापेक्षा ॲक्युपंक्चर केलेल्यांचं दुखणं आणि ताठरपणा कमी झाला. पण खऱ्या सुया आणि खोट्या सुया (म्हणजे चुकीच्या जागी टोचलेल्या किंवा टोचल्याचा नुसता भास करून दिलेल्या) यांची तुलना केली तर दुखण्यात, थकव्यात, झोपेत फरक दिसला नाही. सुयांना बारीक करंट देतात ते इलेक्ट्रो-ॲक्युपंक्चर साध्या सुयांपेक्षा बरं वाटलं. त्याआधी २००५ मध्ये १०० जणांचा अभ्यास झाला होता, आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे, तीन तऱ्हेच्या खोट्या सुयांशी तुलना, तिथेही खरं-खोटं सारखंच. मग अर्थ काय लावायचा? माझा असा की ‘अमुक बिंदू, तमुक नाडी’ यापेक्षा शांत पडून राहणं, कोणीतरी लक्ष देणं, त्वचेला मिळालेली ती बारीक टोच, यातच बहुतेक फायदा आहे. खिशाला परवडत असेल तर सहा-आठ वेळा करून बघा, नाही जाणवलं तर थांबा, ‘अजून वीस सिटिंग लागतील’ला भुलू नका. सुई दरवेळी नवी, सीलबंद पाकिटातली, डोळ्यांदेखत फोडलेली हवी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. आणि छातीवर-खांद्यावर खोल टोचल्याने फुफ्फुसाला छिद्र पडणं हे दुर्मिळ आहे पण झालेलं आहे, म्हणून शिकलेल्या माणसाकडेच जा.

मसाज?

हलक्या हाताने, हो. जोर लावून, नाही. ‘आधी दुखेल मग बरं वाटेल’ हे ज्याच्या दुखण्याचा आवाजच वाढलेला आहे त्याला लागू होत नाही. यूलारने मसाजची शिफारस केलेली नाही कारण अभ्यास कमजोर आहेत, तरी दोन-चार दिवस बरं वाटतं असं बरेच जण सांगतात आणि दोन-चार दिवसही कमी नसतात.

कपिंग, कायरोप्रॅक्टिक?

कपिंग, म्हणजे अंगावर कप लावून कातडी ओढून धरणं, जर्मनीत १४१ जणांवर तपासलं, खरे कप आणि खोटे कप यांत फरक नाही. कायरोप्रॅक्टिकवर, म्हणजे हाताने मणके-सांधे बसवण्याच्या उपचारावर, यूलारने स्पष्ट ‘विरोधात’ असा शेरा मारलाय, तोही सुरक्षेच्या कारणाने. मानेला झटका देऊन कडकन आवाज काढणारे लोक असतात ना, त्यांच्यापासून लांब राहा, मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या केसेस आहेत.

गरम पाण्याने बरं वाटतं, तो उपचारात धरायचा का?

धरा. कोमट-गरम पाण्यात बसणं, त्यात हातपाय हलवणं, गरम पाण्याचे झरे, याला खरोखर पुरावा आहे, भक्कम नाही पण आहे. बीपी कमी राहत असेल तर पाण्यातून उठताना सावकाश.

आयुर्वेदात याला आमवात म्हणतात ना? मग आमवाताचं औषध घेऊ?

इथे घाई नको. आमवाताचं जे वर्णन आहे त्यात सांध्यांची सूज, जखडणं, ताप, भूक मरणं असं येतं, ते आजच्या संधिवाताच्या, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, जास्त जवळचं आहे. फायब्रोला सूज नसते. बरेच वैद्य याला वातव्याधीत बसवतात, कोणी मांसगत वात म्हणतात, म्हणजे आयुर्वेदातही याचं एकच ठरलेलं नाव नाही, आणि खरं सांगायचं तर चांगल्या वैद्याला नावाची एवढी घाई नसते, तो झोप, पोट, दिनचर्या यावरच आधी काम करतो. आणि ते उपयोगाचं असतं! वेळेवर झोपणं, वेळेवर जेवणं, हलकं तेल, ऊब, विश्रांती आणि हालचाल यांचं गणित, हे सगळं फायब्रोला मानवतं. आयुर्वेदाच्या औषधांचे फायब्रोवर मोठे, नीट केलेले अभ्यास मात्र फारसे नाहीत.

माझी अडचण पोटात जाणाऱ्या गोष्टींशी आहे, त्यातही धातूंच्या. २००८ मध्ये जामा नावाच्या जर्नलमध्ये एक तपासणी आली होती, इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं, काही भारतात बनलेली काही अमेरिकेत, त्यात साधारण २१ टक्क्यांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसशास्त्राच्या, म्हणजे भस्मं वगैरे असलेल्या औषधांत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास होतं. आता शिसं अंगात साठलं तर काय होतं माहितीये? अंगदुखी, थकवा, पोटात कळा, विसरभोळेपणा. म्हणजे फायब्रोच! मग माणूस म्हणतो रोग वाढला, आणि डोस वाढवतो. तेव्हा ज्याच्या डब्यावर घटक, बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव नाही ते घेऊ नका, भस्म असेल तर किती दिवस घ्यायचं हे विचारा, आणि बरेच महिने घेऊन झालं असेल तर रक्तात शिशाची टेस्ट करता येते, ती करून घ्या.

होमिओपॅथी?

छोटे छोटे दोन-चार अभ्यास आहेत, काहींत बरं वाटल्याचं आलंय, पण त्यावर विश्वास ठेवावा इतकं काही नाही. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळं चाळून सांगितलं की कुठल्याच आजारावर ती चालते असा भरवशाचा पुरावा नाही. गोळ्यांनी अपाय होत नाही बहुधा, पण त्या घेता घेता बाकी सगळं थांबवलं की होतो.

व्हिटॅमिन डी, मॅग्नेशियम, बी१२, हे तरी घेऊ ना?

टेस्ट करून घ्या, अंदाजाने नको. डी कमी असेल तर भरून काढायलाच हवं, त्याच्या कमतरतेनेही हाडं-स्नायू दुखतात. डी कमी असलेल्या ३० फायब्रो पेशंट बायकांवरचा एक छोटा अभ्यास आहे २०१४ चा, त्यात डी दिल्यावर दुखणं कमी झालं. पण पातळी आधीच ठीक असताना जास्त घेतलं तर कॅल्शियम वाढून किडनीला त्रास. मॅग्नेशियमने काहींना झोप बरी लागते, बऱ्याच जणांना जुलाब होतात, किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. थायरॉईडची गोळी घेत असाल तर मॅग्नेशियम तिच्यापासून चार तास लांब ठेवा, गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्याची गोळी) असेल तर दोन तास.

बी६ बद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ‘नसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये बी६ असतं, ते मोठ्या डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर उलट नसाच खराब होतात, हातापायाला मुंग्या येतात, आणि मुंग्या म्हटलं की आपण फायब्रोच्या खात्यावर टाकतो. दोन-तीन वेगवेगळ्या मल्टिव्हिटॅमिन चालू असतील तर सगळ्यांच्या मागचं वाचून बेरीज करा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉईडच्या टेस्टआधी लॅबला सांगा, त्याने रिपोर्ट चुकतो.

नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही ना?

धोतराही नैसर्गिकच आहे.

खरंच, हा प्रश्न आला की मी जरा चिडते, कारण यातच लोक फसतात. काही जोड्या लक्षात ठेवा. सेंट जॉन्स वॉर्ट (मूडसाठी घेतात ती वनस्पती) किंवा ५-एचटीपी (मूड-झोपेसाठीचं सप्लिमेंट) आणि ड्युलोक्सेटीन किंवा ट्रामाडॉल ही पेनकिलर: अंगात सेरोटोनिन जास्त होऊन घाम, थरथर, धडधड, गोंधळ, आणि हे जिवावर बेतू शकतं. सेंट जॉन्स वॉर्टने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होतो. ज्येष्ठमध रोज बरेच दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. गिंको, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो, ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, साधारण दोन आठवडे आधी बंद करायला लावतात. अश्वगंधाने काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद आहे, थायरॉईडचं प्रमाणही वाढू शकतं, डेन्मार्कने तर २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली. गुळवेलीनंतर आणि हळदीच्या जोरदार कॅप्सूलनंतर (ज्यांत अंगात जास्त शोषली जावी म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेला असतो) लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. जेवणातली चिमूटभर हळद आणि ही कॅप्सूल एक नव्हे. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, भूक गेली, असं काही दिसलं की त्याच दिवशी झाडपाल्याचं आणि सप्लिमेंट सगळं बंद, आणि डॉक्टरांकडे जाऊन लिव्हरची टेस्ट.

आणि १९८९ ची एक गोष्ट, मला ती विसरता येत नाही. झोपेसाठी ‘नैसर्गिक’ म्हणून एल-ट्रिप्टोफॅन खूप खपत होतं, अमेरिकेत त्याच्या भेसळयुक्त मालामुळे दीड हजाराहून जास्त लोक भयंकर स्नायूदुखीने आजारी पडले, काही दगावले. अंगदुखी आणि झोप नाही म्हणून ज्यांनी ते घेतलं असेल त्यांचा विचार करा.

एकांनी दिलेल्या पुड्यांनी चार दिवसांत दुखणं गायब झालं, इतकी वर्षं कोणाला जमलं नाही ते!

म्हणूनच शंका घ्या. हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या औषधांत स्टिरॉइड किंवा पेनकिलर लपवून घातल्याचं वेगवेगळ्या देशांत वारंवार सापडलंय. ओळखायचं कसं, तर भूक एकदम वाढते, चेहरा गोल होतो, शुगर-बीपी चढतं, अंगावर पटकन काळंनिळं होतं, आणि पुडी चुकली की पूर्वीपेक्षा दुप्पट दुखतं. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, कारण शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, चक्कर, उलट्या, बीपी पडणं असं गंभीर होऊ शकतं. पुडी घेऊन लवकरात लवकर डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा की यात स्टिरॉइड असावं असं वाटतंय.

पूरक उपचार सुरू केले, आता गोळ्या बंद केल्या तर चालतील?

एकदम नाही. ड्युलोक्सेटीन झटक्यात सोडली की चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, प्रीगॅबालिन सोडली तर झोप उडते, घाम फुटतो, क्वचित झटकेही येतात. मग माणसाला वाटतं ‘बघा आजार किती बळावला’. कमी करायच्या असतील तर देणाऱ्याशी बोलून, आठवड्या-आठवड्याने.

डॉक्टरांना सांगितलं तर ओरडतात. न सांगितलेलंच बरं ना?

नाही, आणि ओरडतात हे मान्य आहे. एका डॉक्टरांनी माझी डब्यांची पिशवी बघून ‘मग माझ्याकडे कशाला आलात’ म्हटलं होतं, मी पुढची दोन वर्षं काही सांगितलंच नाही, आणि त्या दोन वर्षांत लिव्हरचा एक रिपोर्ट वाढलेला आला तर कशामुळे ते कोणालाच कळेना. मी तोंड उघडल्यावर पाच मिनिटांत कळलं. आता मी फोनमध्ये सगळ्या डब्यांचे पुढून-मागून फोटो ठेवते आणि म्हणते, ‘हे मी घेते, यातलं काय तुमच्या औषधाशी भांडेल तेवढं सांगा.’ परवानगी मागत नाही, माहिती मागते, मग बोलणं सरळ होतं. तरीही ओरडत असतील तर डॉक्टर बदला, यादी लपवू नका. आणि वैद्यांनाही तुमच्या गोळ्या सांगा, ती बाजू लोक विसरतातच.

खोट्या सुयांनीही बरं वाटतं म्हणजे हे सगळं मनाचे खेळ का?

नाही हो. फायब्रोत दुखणं ठरतं मेंदू आणि मज्जारज्जूत, आणि अपेक्षा, भीती, झोप, विश्वास या गोष्टी त्याच जागी काम करतात. प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या उपचाराने, दुखणं कमी होतं म्हणजे दुखणं खोटं होतं असं होत नाही. फक्त त्या बरं वाटण्यासाठी कर्ज काढायची किंवा लिव्हर पणाला लावायची गरज नाही, एवढंच.

मला गुण येतोय की नाही हे कळणार कसं?

फायब्रो स्वतःहूनच खालीवर होतो. आपण नवीन उपचार सुरू कधी करतो? सगळ्यात वाईट आठवड्यात. मग त्यानंतर बरं वाटणारच होतं, श्रेय मात्र त्या काढ्याला जातं. म्हणून सुरू करायच्या आधी दोन आठवडे नुसतं लिहा: रोज रात्री दुखणं दहापैकी किती, झोप किती तास, आणि एक काम जे तुम्हाला करायचं असतं, माझं होतं केस विंचरताना हात वर किती वेळ टिकतो. मग एकच गोष्ट सुरू करा, एकच, मसाज आणि मॅग्नेशियम आणि ध्यान एका सोमवारी नको, नाहीतर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. हालचालीच्या प्रकारांना बारा आठवडे द्या, बाकीच्यांना सहा ते आठ. मग वही उघडा. दोन आठवडे बंद करूनही बघता येतं (सप्लिमेंट किंवा सुयांच्या बाबतीत, डॉक्टरांच्या गोळ्यांच्या नव्हे), फरक नाही पडला तर ती गोष्ट तुमच्या कामाची नव्हतीच.

डीटॉक्स, चुंबकाचे पट्टे, पायातून विष काढणारं मशीन?

नाही, नाही आणि त्या मशीनच्या टबातलं पाणी तुमचे पाय नसले तरी तपकिरी होतं.

‘मुळापासून बरं करतो’ म्हणतात, खरं असू शकतं?

आत्ता तरी फायब्रो कायमचा घालवणारं काही कोणाकडे नाही, मोठ्या हॉस्पिटलकडेही नाही. जो गॅरंटी देतो, आधी पूर्ण पॅकेजचे पैसे मागतो, पुडीत काय आहे सांगत नाही, बाकी सगळं बंद करा म्हणतो, आणि गुण नाही आला तर ‘तुमचीच श्रद्धा कमी पडली’ म्हणतो, त्याच्याकडून चप्पल घालून निघायचं. बरेच जण खूप बरे होतात मात्र, कामावर जातात, फिरतात, फ्लेअर वर्षातून दोन-तीनवर येतात. ते होतं.

मी प्रेग्नंट आहे / व्हायचा विचार आहे.

मग झाडपाल्याचं काहीही मनाने नको, अश्वगंधा तर नकोच. फायब्रोच्या गोळ्यांबद्दलही आधीच बोलून घ्या. श्वास, कोमट पाणी, हलका मसाज, प्रेग्नन्सीचा योग शिकवणारीकडे जाऊन योग, एवढं बहुतेकांना चालतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून.

दुखणं नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय, फायब्रोच असेल ना?

कदाचित नसेल. सांधा डोळ्यांना दिसेल असा सुजलाय, सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त, ताप, न ठरवता वजन उतरणं, एका हातापायातली ताकद जाणं, लघवी-संडासवर ताबा न राहणं, असं काही असेल तर तेल चोळत बसू नका, तपासून घ्या. फायब्रो असलेल्या माणसाला दुसरा आजार होऊ शकतो, हे आपल्यालाही विसरायला होतं आणि डॉक्टरांनाही.

घरचे, ओळखीचे, जो येतो तो एक उपाय सांगून जातो. काय उत्तर देऊ?

मी म्हणते, ‘अरे वा, वहीत लिहून ठेवते, सध्या एक चालू आहे त्याचे बारा आठवडे संपू देत.’ ते खूश, मी मोकळी. वहीत तशी मागची चार पानं भरलीत.